टोकन सतरा, ड्रॉपची खोली

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. ती तिथे सगळ्यांत मोठी होती, एवढंच त्याचं कारण. मालकसुद्धा तिच्या धाकट्या भावाच्या वर्गातला. मुलाखतीलाही तो "बसा ना ताई" म्हणाला होता आणि तिथेच मुलाखत अर्धी संपली होती. सात वर्षं ती घरी होती. आधी मुलगी लहान, मग सासऱ्यांचं अंथरूण. परत कामाला लागली तेव्हा हात चालायचे, पण मन कचरायचं. शेजारच्या टेबलांवरची मुलं बोलताना जे नवे शब्द वापरत, ते ती गुपचूप लिहून घेई आणि घरी जाऊन त्यांचा अर्थ शोधून काढी.

प्रोग्रॅम लिहून देणाऱ्या पाच माणसांच्या त्या ऑफिसचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक म्हणजे डोळ्यांचं एक इस्पितळ. तिथे तपासणीला आलेल्या माणसाला टोकन मिळे. मग त्याच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे ड्रॉप घालत, दर दहा मिनिटांनी एकदा, असे तीन वेळा. तिसरा ड्रॉप झाला की वीस मिनिटांनी डॉक्टरांकडे. कुणाचे किती ड्रॉप झाले हे सिस्टर टॅबलेटवर बटण दाबून नोंदवत आणि पुढच्याला बोलवायचं काम ऑफिसनं लिहिलेला प्रोग्रॅम करी. हॉलमधल्या स्पीकरवरून एका बाईचा गोड, थंड आवाज येई, "टोकन नऊ, ड्रॉपची खोली."

हे सगळं आठ वर्षं बिनबोभाट चाललं होतं. पण इस्पितळ वाढलं, टॅबलेट दोनाचे अकरा झाले, आणि स्क्रीन अडखळायला लागली. बटण दाबलं की सिस्टरांनी दहा-बारा सेकंद नुसतं बघत बसायचं. मालकानं ते काम ताईकडे दिलं. ताईनं पाहिलं, तर सर्व्हरवर त्या प्रोग्रॅमची एकच प्रोसेस चालू होती. म्हणजे खिडकी एक आणि रांग अकरा जणांची. तिनं एकाच्या चार प्रोसेस केल्या. आता येणारी विनंती चारांपैकी जी मोकळी असेल ती घेणार. बदल म्हटला तर एका ओळीचा. पण कुठे एकाच्या जागी चार लिहायचे हे शोधायला, आणि ते लिहायचं धाडस करायला तिला दोन दिवस लागले होते.

स्क्रीन अशी पळायला लागली की इस्पितळातून खास फोन आला. मालकानं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. घरी जाताना ताई बसमध्ये उगाचच खिडकीबाहेर बघून हसत होती.

तीन दिवसांनी दुसरा फोन आला. या वेळी तो सरळ तिच्या टेबलावर आला. इस्पितळातल्या मोठ्या सिस्टर बोलत होत्या. तिथल्या सगळ्या परिचारिका त्यांच्या हाताखाली होत्या आणि त्यांच्या आवाजावरूनच ते कळत होतं.

"अहो, काल एका मास्तरांना पाच वेळा ड्रॉप गेले. संध्याकाळपर्यंत त्यांना घड्याळ वाचता येईना. आणि एक बाई दीड तास बसून राहिल्या, त्यांना डॉक्टरांकडे कुणी बोलावलंच नाही. काय चाललंय?"

ताईनं आपल्या मशीनवर प्रोग्रॅम चालवला. दहा खोटे पेशंट घातले, बटणं दाबली. सगळं बरोबर. परत चालवला. परत बरोबर. तिच्या जिवात जीव आला आणि त्या भरात ती बोलून गेली, "सिस्टर, प्रोग्रॅम ठीक आहे. मी इथे तपासला. तिकडे बटण नीट दाबलं जात नसेल."

"मलाही तेच वाटलं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "ड्रॉपच्या खोलीतली सिस्टर नवीन आहे."

फोन ठेवताना ताईला एवढंसं काहीतरी टोचलं, पण तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. पुढच्या दोन दिवसांत आणखी चार तक्रारी आल्या. शेवटच्या फोनवर मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "सोमवारपासून तिला तिथून काढून फायलींच्या खोलीत बसवतेय. तरी एकदा तुमच्याकडचं कुणी येऊन बघून जा."

मालक म्हणाला, "ताई, तुम्हीच जा. इथे बसून उंटावरून शेळ्या किती दिवस हाकायच्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ताई लॅपटॉप मांडीवर घेऊन इस्पितळाच्या हॉलमध्ये बसली. साठ-सत्तर माणसं होती. बहुतेकांनी डोळे मिटलेले किंवा हातांनी झाकलेले. बाहुली मोठी झाली की साधा ट्यूबलाइटही सहन होत नाही. कुणी पेपर वाचत नव्हतं, कुणी फोन बघत नव्हतं. सगळा हॉल कानांनी बसला होता. आणि मधूनमधून तो आवाज, "टोकन सतरा, ड्रॉपची खोली."

"चौथ्यांदा," शेजारून कुणीतरी म्हणालं.

ताईनं वळून पाहिलं. सत्तरीच्या पुढच्या एक बाई, ताठ बसलेल्या, डोळे मिटलेले, पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरलेली.

"काय म्हणालात, आजी?"

"आजी नको, बाई म्हण. एकतीस वर्षं अख्खं एक्सचेंज मला बाई म्हणत होतं, सवय नाही मोडत. सतरा नंबर माझा. तीन ड्रॉप झालेत. चौथ्यांदा बोलावतायत, मी काही उठायची नाही. डोळा माझा आहे, इस्पितळाचा नव्हे."

"एक्सचेंज म्हणजे टेलिफोनचं?"

"ट्रंक कॉलचं. परगावी बोलायचं तर आधी आमच्याकडे नंबर नोंदवायचा. तुझ्या आईला विचार." बाई जरा तिच्याकडे झुकल्या. "तू कुणाबरोबर आलीयस?"

"मी पेशंट नाही. हे जे टोकन बोलावतं ना, त्या प्रोग्रॅमचं काम बघते."

"अस्सं!" बाईंनी डोळे उघडले, पण दिसत काहीच नसावं, कारण त्यांनी ताईच्या कानाकडे बघत बोलणं चालू ठेवलं. "मग ऐक. दीड तास मी दुसरं काही केलेलं नाही, नुसती ऐकतेय. बारा नंबर पाच वेळा बोलावला. चौदा दोनदा, आणि मग गायब. तो माणूस त्या कोपऱ्यात घोरतोय. आता मला सांग, ही जी बाई बोलते ती एकटी आहे?"

"तो रेकॉर्ड केलेला आवाज आहे."

"आवाज कुणाचाही असू दे. त्या आवाजाला कागद कोण पुरवतं? एकच जण असता तर तो एक तर कायम बरोबर असता नाहीतर कायम चुकला असता. हा आत्ता सतरा विसरतो, पाच मिनिटांनी त्याला सतरा आठवतो, परत विसरतो. माणूस असा नाही विसरत. मला विचारशील तर आत एकापेक्षा जास्त जणी बसल्यात, आणि एकीचा कागद दुसरीला दिसत नाहीये."

ताई लॅपटॉप मिटून बाईंकडे वळली.

बाई बोलतच होत्या. "आमच्याकडे सुरुवातीला हेच झालेलं. आम्ही चौघी बोर्डावर. कॉल जी मोकळी असेल तिच्याकडे पडायचा. सकाळी एकानं माझ्याकडे कॉल नोंदवला, मी चिठ्ठी लिहून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. तासाभरानं तोच माणूस विचारतोय, माझ्या कॉलचं काय झालं? आता फोन पडला तिसरीकडे. ती म्हणते, तुमचा कॉलच नाही. मग तो परत नोंदवतो. झाल्या दोन चिठ्ठ्या! माणसं शिव्या घालायची, आणि साहेब आम्हालाच बोलायचे, की तुम्ही बायका कामात लक्ष देत नाही. लक्ष होतं हो. प्रत्येकीचं आपापल्या ड्रॉवरमध्ये होतं."

"चार प्रोसेस," ताई पुटपुटली. "मीच केल्या."

"काय?"

"काही नाही, बाई. येते मी. तुम्ही उठू नका हं, बोलावलं तरी."

ड्रॉपची खोली हॉलच्या टोकाला होती. नवी सिस्टर पस्तिशीची, बारीक चणीची बाई होती. नवी फक्त या इस्पितळात; एरवी बारा वर्षं नोकरी झालेली. ताईनं आपण कोण ते सांगितलं तशी तिनं हातातली ड्रॉपची बाटली ट्रेमध्ये जरा जोरातच ठेवली.

"बटण कसं दाबायचं ते शिकवायला आलात का?"

"नाही," ताई म्हणाली. "एकसष्ट नंबरला पहिला ड्रॉप घालून नोंदवाल? आणि मग मला पाच मिनिटं द्या."

सिस्टरनं बटण दाबलं. तोवर ताईनं लॅपटॉपवरून प्रोग्रॅममध्ये एकच ओळ घातली होती: यादी दाखवताना ती कुठल्या प्रोसेसनं दिली तो आकडाही कोपऱ्यात दाखव. मग ती यादी पुन्हा पुन्हा मागवत राहिली. पहिल्या प्रोसेसच्या यादीत एकसष्ट नंबरचे ड्रॉप शून्य. तिसरीच्या यादीतही शून्य. दुसरीच्या यादीत एक. चौथीकडे शून्य. परत दुसरी: एक.

जुन्या प्रोग्रॅमरनं ड्रॉपची मोजणी प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत ठेवली होती. त्याचंही काही चुकलं नव्हतं. प्रोसेस एकच होती आणि अर्ध्या तासाच्या हिशेबासाठी डेटाबेस कशाला, असा त्यानं विचार केला असणार. पण प्रत्येक प्रोसेसची मेमरी ज्याची त्याची. ताईनं चार प्रोसेस केल्या आणि एका वहीच्या चार वह्या झाल्या. सिस्टरनं दाबलेलं बटण एकीला कळे, तिघींच्या गावीही नसे. म्हणून कुणाला उगाच परत बोलावणं येई, आणि कुणाचे तीन ड्रॉप एकाही वहीत पूर्ण न दिसल्यानं तो डॉक्टरांची वाट बघत बसून राही. आणि ताईच्या स्वतःच्या मशीनवर एकच प्रोसेस चालू असल्यानं तिथे सगळं नेहमी बरोबरच दिसणार होतं.

"सिस्टर," ती म्हणाली, "तुमचं काहीही चुकलेलं नाही. चूक माझी आहे."

सिस्टरनं बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग?"

खरंच होतं ते. ताई उठली. मोठ्या सिस्टरांच्या केबिनपर्यंत फार तर तीस पावलं असतील, पण त्या तीस पावलांत तिच्या मनात सतरा विचार आले. मालकाला आधी फोन करावा. "तांत्रिक बिघाड" म्हणावं. तो शब्द कुणाच्याच अंगावर येत नाही. आपण सात वर्षांनी कामाला लागलो आणि पहिल्याच मोठ्या कामात हे. शेजारची मुलं काय म्हणतील? मग तिला फोनवरचं आपलं वाक्य आठवलं, आणि दारावर टकटक करून ती आत गेली.

"मी स्क्रीन जलद केली तेव्हा हा घोटाळा झाला," ती उभ्यानंच म्हणाली. "बटण नीट दाबलं जात नसेल असं मी तुम्हाला सांगितलं, ते न बघता सांगितलं. त्या सिस्टरांचा यात काडीचाही दोष नाही."

मोठ्या सिस्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते मी," त्या म्हणाल्या. "तिनं पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, की यादी बदलते. कागदावर पेन्सिलीनं खुणा करायला लागली होती. मी तो कागद काढून घेतला. म्हटलं, एवढी स्क्रीन दिलीय ती कशाला?" त्यांनी ड्रॉवर उघडून तो घडी केलेला कागद टेबलावर ठेवला. "आता आज काय करायचं? बाहेर सत्तर माणसं बसलीत."

"आज परत एकच प्रोसेस ठेवते. स्क्रीन हळू चालेल, पण खरं सांगेल. आजच्यापुरता तो कागदही सिस्टरांना परत द्या. बुधवारपर्यंत मी नीट करून देते."

"हळू चालू दे," मोठ्या सिस्टर उठल्या. "चला, मी पण येते तिच्याकडे. तुम्ही एकटीनंच माफी मागावी असं काही नाही."

ड्रॉपच्या खोलीत त्या दोघी काय बोलल्या ते ताईनं ऐकलं नाही. ती हॉलमध्ये एकेका माणसाजवळ वाकून "तुमचे किती ड्रॉप झाले हो?" विचारत फिरत होती आणि कागदावर लिहीत होती. कोपऱ्यात घोरणाऱ्या चौदा नंबरला तिनंच जागं केलं. एक्सचेंजच्या बाई शेवटी अकरा वाजता डॉक्टरांकडे गेल्या. मोतीबिंदू पिकला होता; मंगळवारी ऑपरेशन ठरलं.

ऑफिसात परतल्यावर तिनं मालकाला सगळं सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "चारचा बदल तुम्ही मला दाखवला होतात. मी 'वा' म्हणून मोकळा झालो. मेमरीत काय ठेवलंय हे मीही नाही विचारलं." शेजारच्या टेबलावरच्या एका मुलानं खुर्ची सरकवत जवळ आणली. "ताई, माझ्याही एका कामात असंच आहे बहुतेक," तो हळूच म्हणाला. "मला दाखवाल कसं शोधलंत?" आणि ताईला पहिल्यांदाच जाणवलं, की जे शब्द आपण चोरून लिहून घेत होतो त्यांतले निम्मे या मुलांनाही धड माहीत नाहीत.

दुरुस्ती दिसायला सोपी होती. मोजणी चारही प्रोसेसांच्या बाहेर, एका सामाईक जागी ठेवायची. प्रत्येकीनं तिथेच बघायचं, तिथेच लिहायचं. शनिवारपर्यंत ते झालं. मग सोमवारी तिनं एकदम दोनशे खोटे पेशंट सोडले आणि सगळी बटणं एकाच वेळी दाबल्यासारखं केलं. सहाशे ड्रॉप नोंदवले जायला हवे होते. पाचशे शहाण्णव झाले.

चार ड्रॉप कुठे गेले? पूर्वीची ताई "चालतंय की" म्हणाली असती. आता तिच्या डोळ्यांपुढे चार माणसं आली, डोळे मिटून बसलेली. दुपारपर्यंत तिनं ते चार शोधून काढले. दोन प्रोसेस एकाच क्षणी वाचत होत्या, की एक ड्रॉप झालाय. दोघी आपापला एक मिळवून "दोन" लिहीत होत्या. व्हायला हवे होते तीन. सामाईक वही असून भागत नव्हतं. एक लिहीत असताना दुसरीनं थांबायला हवं होतं. तिनं कुलपाची सोय केली: जिच्याकडे किल्ली तिनंच वाचायचं, लिहायचं आणि लगेच किल्ली सोडायची. परत दोनशे पेशंट. सहाशे. परत. सहाशे. वीस वेळा चालवलं, वीसही वेळा सहाशे. शेजारच्या मुलानं टाळ्याच वाजवल्या.

मंगळवारी दुपारी ती बाईंना भेटायला वॉर्डात गेली. एका डोळ्यावर पट्टी, पण बसणं तसंच ताठ. सून पलंगाशेजारी सफरचंद कापत होती.

"झालं का तुझं?" बाईंनी पावलांवरूनच ओळखलं.

ताईनं सगळं सांगितलं, सामाईक जागा, हरवलेले चार ड्रॉप, कुलूप. बाई खूश होऊन ऐकत होत्या. "आम्ही भिंतीवर फळा लावला होता, चौघींच्या मधोमध. पण दोघी एकदम उठून लिहायला गेल्या की एकीचं दुसरी पुसायची. मग मी युक्ती केली. खडू एकच ठेवला! बाकीचे सगळे माझ्या पर्समध्ये."

"हे तुम्ही आधी सांगितलं असतंत तर माझी सोमवारची दुपार वाचली असती."

"तू विचारलंस कुठे? ड्रॉवरचं ऐकलंस आणि पळत सुटलीस." बाई हसल्या. सूनही हसली, म्हणाली, "आई, ही गोष्ट तुम्ही आम्हाला कधी नाही सांगितलीत." "तुमचं कधी अडलं नाही असं," बाई म्हणाल्या आणि सफरचंदाची फोड ताईपुढे धरली.

बुधवारी सकाळी चार प्रोसेस पुन्हा सुरू झाल्या. ताई ड्रॉपच्या खोलीत एका स्टुलावर बसली. सिस्टर बटण दाबायची आणि ताई चारही प्रोसेसांना विचारून बघायची. एक, एक, एक, एक. दहा मिनिटांनी दोन, दोन, दोन, दोन. साडेदहापर्यंत ताई प्रत्येक वेळी तपासत होती. त्यानंतर सिस्टरच म्हणाली, "आता पुरे हो, माझी मान दुखायला लागली तुमच्याकडे बघून." स्पीकरवरचा आवाज एकदा बोलावलेल्याला दहा मिनिटं झाल्याशिवाय परत बोलवत नव्हता. साडेबारा वाजता हॉल रिकामा झाला. एरवी दोन वाजत. सफाईवाल्या मावशी रिकाम्या खुर्च्यांकडे बघून म्हणाल्या, "आज सुट्टी आहे का काय?"

मोठ्या सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. फायलींच्या खोलीचं नाव कुणी काढलं नाही. त्या सिस्टरला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात दोन नव्या मुली येतायत. ड्रॉपचं काम त्यांना तू शिकवायचंस." आणि ताईकडे वळून, "तुमच्या मालकांना सांगा, महिन्यातून एकदा तुम्हाला इथे पाठवायचं. काम असो नसो. नुसतं बसायला."

"येईन," ताई म्हणाली.

त्या गेल्यावर सिस्टरनं हात धुतले, टॉवेलला पुसले आणि आपला डबा उघडून दोघींच्या मधे ठेवला. गेले काही दिवस ताई एक वाक्य मनात घोळवत होती.

"सिस्टर, त्या दिवशी फोनवर मी जे..."

"कळलं मला. मोठ्या सिस्टरांनी सांगितलं." सिस्टरनं डब्याचं झाकण उलटं करून त्यात तिच्यासाठी वाढलं. "राग आला होता. अजून थोडा आहे. पण तू स्वतः जाऊन सांगितलंस. माझ्या बारा वर्षांत असं कुणी केलेलं मी पाहिलं नाही." आपण "तू" म्हणालो हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. ती किंचित थबकली आणि मग तिनं ते तसंच राहू दिलं. "खा आता. एक वाजता ऑपरेशनवाल्यांचे ड्रॉप सुरू होतील, तेव्हा मग श्वास घ्यायलाही उसंत नसते."

"तुला कसं कळतं गं, कुणाला जास्त वेळ लागणार ते?" ताईनं घास घेत विचारलं. "बाहुली मोठी व्हायला?"

"गडद डोळ्यांना उशीर लागतो. मधुमेहवाल्यांना त्याहून जास्त." सिस्टर बोलायला लागली, आणि ताईनं पर्समधून पेन काढलं. या वेळी तिनं ते लपवलं नाही.